कोल्ह्याची दुसरी म्हैस

जनावरांचा बाजार जनावरंच भरवत, तेव्हाची ही गोष्ट. चंद्री म्हशीचं दूध एक कोल्हा विकत असे. तो त्यात निम्मं पाणी घाली आणि गवारीच्या बियांचं चिमूटभर पीठ टाकून ते दाट करी.

एकदा चंद्रीने बाजारात ते दूध चाखलं आणि ती खजील झाली. इतकं दाट दूध तिने जन्मात दिलं नव्हतं.

"कोल्होबा, हे दूध देणारी म्हैस कुठली हो?"

"आहे एक लांबची," कोल्हा म्हणाला.

त्या दिवसापासून चंद्रीचं वैरणीवरून मन उडालं. "एकदा तिचे पाय धरू द्या," एवढंच ती म्हणे. तिचं दूध आटलं, तेव्हा घाबरून कोल्ह्याने तिला गवारीच्या शेतात नेलं.

"हीच ती," तो म्हणाला.

चंद्रीने गुडघे टेकले. "बाई, तुला शिंगं नाहीत, शेपूट नाही, तरी केवढी तुझी करणी," ती गहिवरून म्हणाली. मग चार दिवसांची भूक उसळली आणि तिने भक्तिभावाने सगळं शेत फस्त केलं.

दुसऱ्या दिवशी तिने घागरभर दूध दिलं. बाजारात मांजरीने विचारलं, "आज दूध असं पातळ कसं?"

"काय करणार," कोल्हा खिन्नपणे म्हणाला, "आता नुसतं म्हशीचंच मिळतं."