बुधाजीचं तिकीट

कुठल्याशा एका गावात बुधाजी नावाचा एक भोळा माणूस केरसुण्या बांधून विकायचा. बुधवारी जन्मला म्हणून आईनं बुधाजी ठेवलं. बुद्धीचा नि त्या नावाचा काही संबंध नव्हता.

त्याच्या घराला दार नव्हतं. दाराच्या जागी गोणपाट होतं. कुत्री ते डोक्यानं ढकलून आत यायची, भाकरी न्यायची. बायको गुणाबाई म्हणायची, "अवं, एक दार करा. म्या काय जन्मभर कुत्र्यांसाठीच भाकऱ्या थापू?"

बुधाजीलाही वाईट वाटायचं. पण केरसुण्या विकून मीठमिरची यायची, दार येत नव्हतं.

तालुक्याच्या बाजारात, एसटी स्टँडच्या बाहेर, बन्सीशेठचं लॉटरीचं टेबल होतं. त्यानं बुधाजीची अडचण ऐकली. म्हणाला, "दार काय, बंगला होईल! तिकीट काढ. तिकीट काढल्याशिवाय लॉटरी लागत नाही."

बुधाजीला पटलं. तो तडक समोरच्या एसटीत चढला आणि तिकीट काढलं. गाडी निघाली. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, उतरा आता."

"लागली का?"

"काय लागली?"

"लॉटरी."

कंडक्टरनं त्याला दंडाला धरून उतरवलं. बुधाजी अकरा कोस चालत दुसऱ्या दिवशी घरी आला.

गुणाबाईनं कपाळाला हात लावला. "अवं, ते तिकीट गाडीत नाही काढायचं. बन्सीशेठकडं काढायचं. लावा आता कानाला खडा!"

बुधाजीनं अंगणातला एक खडा उचलला, कानाला लावला आणि म्हणाला, "बरं. आता ध्यानात राहील."

पुढच्या बाजारी त्यानं बन्सीशेठकडे पाच तिकिटं काढली आणि घरी यायला एसटीत बसला. कंडक्टर आला. "तिकीट?"

"काढलंय की. एक सोडून पाच."

"ही लॉटरीची आहेत."

"गाडीत काढायचं नसतं. बन्सीशेठकडं काढायचं. तुम्ही नवीन दिसताय."

कंडक्टरनं घंटी ओढली. बुधाजी माळावर उतरला. गाडी गेली.

गुणाबाई म्हणाली, "त्ये तिकीट असं कुणाला दाखवत हिंडायचं नसतं! जपून ठेवायचं. पेपरात नंबर आला, तरच भाईर काढायचं."

बुधाजीनं कानाला दुसरा खडा लावला.

पुढच्या बाजारी त्यानं एसटीचं तिकीट एसटीतच काढलं. घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. वाटेत तपासनीस चढला. "तिकीट दाखवा."

"न्हाई."

"काढलं नाही?"

"काढलंय. पण दाखवत नसतो. पेपरात नंबर आलाय का माझा?"

तपासनिसानं दंड केला. त्या दिवशीच्या सगळ्या केरसुण्या दंडात गेल्या.

तरी बुधाजी लॉटरीची पाच तिकिटं दर बाजारी काढायचा. वर्ष झालं. लागली नाही. त्यानं बन्सीशेठला विचारलं.

"नियमित खेळावं लागतं," बन्सीशेठ म्हणाला. "खंड पडू द्यायचा नाही. एक ना एक दिवस लागतेच."

"तुम्हाला लागली?"

"मी खेळत नाही. मी विकतो."

"मग तुम्हाला कशी लागणार?" बुधाजी हळहळला. बन्सीशेठच्या घरावर तेव्हा दुसरा मजला चढत होता.

गावातले शाळेचे गुरुजी अठरा वर्षं नियमित खेळत होते. कुठला आकडा किती वेळा आला, हे त्यांनी वहीत मांडून ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात आपला नंबर नक्की, असं ते दर आठवड्याला सांगायचे. शाळेत ते गणित शिकवायचे. त्यांना कुणी भोळं म्हणत नसे.

एक दिवस कुत्र्यानं भाकरीच काय, कालवणाचं गाडगंही नेलं. गुणाबाईचं डोकं फिरलं. "तिकिटात पैसा घालण्यापरीस हिरीत टाका! निदान बुडाला त्ये दिसंल तरी!"

बुधाजीनं खडा शोधला, कानाला लावला आणि म्हणाला, "बरं."

त्या बाजारापासून त्यानं तिकीट काढलं नाही. तिकिटांचे पैसे, दहाची पाच नाणी, तो गावच्या विहिरीत टाकायचा. दर बाजारी. खंड पडू द्यायचा नाही, हे बन्सीशेठचं सांगणं त्याच्या ध्यानात होतं. घरात तिकीट दिसेना, म्हणून गुणाबाई खूष होती; गंमत जाईल म्हणून तिला कुणी काही सांगितलं नाही. विहिरीवर पाणी भरणारे मात्र हसून बेजार व्हायचे. गुरुजी तर खिशातलं तिकीट चुरगळेपर्यंत हसले. "अरे बुधाजी, पैसे असे पाण्यात कोण टाकतं?"

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात विहीर आटली. गावानं गाळ काढायला घेतला. पहिल्या पाटीत नाणी निघाली. दुसऱ्या पाटीतही. काळी पडलेली, पण खणखणीत.

कुणाची, हे विचारायची गरज नव्हती. सगळा गाव हसला होता, म्हणजे सगळा गाव साक्षीदार होता. सरपंचांनी पाटी बुधाजीच्या घरी पोचवली. चौकट, फळ्या, कडीकोयंडा, सगळं येईल एवढी रक्कम होती. गावात एवढी रोकड त्या दिवशी दुसऱ्या कुणाकडं नव्हती. गुरुजी बराच वेळ विहिरीच्या काठावर बसून होते.

गुणाबाई आधी भडकली, मग रडली, मग हसली. तिनं सुताराला सांगावा धाडला. तो म्हणाला, सोमवारी येतो.

"आजून चार दिस हाईत," गुणाबाई म्हणाली. "घराला दार न्हाई, आन् गावभर बोभाटा झालाय. नीट ऐका. जिथं गेलेला पैसा पुन्यांदा भाईर पडत न्हाई, अशा जागी ह्यो ठिवून या."

बुधाजी विचाराला बसला. पेटीत ठेवावा, तर मिठाला लागला की पैसा बाहेर पडतो. देवळातली दानपेटी पंच वर्षातून एकदा उघडतात. विहिरीचं तर आत्ताच बघितलं, सगळा पैसा बाहेर पडला. बराच वेळ त्याला काही सुचेना. मग एकदम चेहरा उजळला. त्यानं नाणी गोणीत भरली, गोणी खांद्यावर टाकली आणि निघाला.

दिवस कलताना परत आला. गोणी रिकामी, काखेत कागदांचा गठ्ठा.

"ठिवला?" गुणाबाईनं विचारलं.

"ठिवला."

"भक्कम जागा हाय ना?"

"लई भक्कम. बन्सीशेठचा गल्ला," बुधाजी म्हणाला. "गुरुजी वीस वरीस त्यात पैसा घालत्यात. आजपावतर एक रुपया भाईर आलेला न्हाई." आणि त्यानं काखेतला गठ्ठा तिच्या पुढ्यात ठेवला. "मानूस सरळ हाय. न मागता एवढ्या पावत्या दिल्या."