पंचविशीनंतरची बुद्धी

रत्नकेतू राजाच्या दरबारात एक नवे शास्त्रीबुवा आले आणि ठासून म्हणाले, "महाराज, माणूस पंचविशीपर्यंतच वाढतो. पुढे बुद्धी नुसती झिजत जाते." पंचेचाळिशीच्या राजाला ते एकदम पटलं. म्हाताऱ्या मंत्र्यांनी उद्यापासून घरी बसावं, असा हुकूम त्याने तिथल्या तिथे सोडला.

सत्तरीच्या मंत्री भानुमतीबाई उठून उभ्या राहिल्या.

"महाराज, कालपर्यंत आपलं मत काय होतं?"

"माणूस अनुभवाने शहाणा होतो, असं वाटायचं. आज नवं ज्ञान मिळालं."

"मग आज पंचेचाळिसाव्या वर्षी आपली बुद्धी वाढली, की झिजली?"

राजाने दोन्ही उत्तरं मनात तोलून पाहिली. वाढली म्हणावं, तर शास्त्रीबुवा खोटे ठरत होते. झिजली म्हणावं, तर हा हुकूमच झिजलेल्या बुद्धीचा! इतकी वर्षं रोज समोर बसणारी ही बाई आपल्याला आजच दिसली, असं त्याला वाटलं.

सिंहासनावरून उतरून त्याने हात जोडले.

"वाढली, बाईसाहेब," तो म्हणाला, "पण ती आत्ता, तुम्ही विचारल्यावर. उद्या सगळेच दरबारात या."