नकाराची भरपाई

"आरं, डोंगराला अजून कुदळ लावली न्हाईस, आन् नुकसानभरपाई कसली मागतूस रं?" भैरू खोपडे परदेशी कंपनीच्या मालकावर खवळला व्हता. मालक सातासमुद्रापार. ग्रामसभेत बसला व्हता त्याचा वकील, पोहे खात.

गावाचं प्यायचं पाणी त्या डोंगरातल्या झऱ्याचं, म्हणून ग्रामसभेनं खाणीला नकार दिला व्हता.

वकील म्हणाला, "व्यापार करारानं कंपनीला हक्क आहे. नकार मागे घ्या, नाहीतर तीस वर्षांत जो नफा झाला असता, तो परदेशातल्या लवादात सरकारकडून वसूल करू."

सरपंचबाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला.

भैरूनं विचारलं, "वकीलसायब, लग्नाआधी पोरी किती बघितल्या?"

"पाच."

"न्हाई कितीजणी म्हणल्या?"

"चार," वकील ओशाळला.

"मग त्या चौघींच्या बापांकडनं तीस वर्साच्या संसाराची भरपाई घेतली का? पोरंबाळं झाली असती, जावयाचा मान मिळाला असता! कुठल्या लवादात गेलता?"

सभा खदाखदा हसली. वकिलानं पोह्यांची बशी खाली ठेवली.

भैरू सरपंचबाईंकडं वळला. "आक्का, पाव्हण्यानं पोहे खाल्ले म्हंजी पोरगी दिली असं न्हाई. नकार कायम लिवा आन् आत्ताच्या आत्ता शिक्का मारा."