फादर जुजेंच्या मुठीतली वीज

"…आणि फादर जुजेंनी आभाळातली वीज अशी मुठीत धरली, नि खाली…"

कुंपणापलीकडे दोघी बोलत होत्या. मी जरा जवळ सरकले, तर दोघी गप्प! मग काय, चार घरं फिरून मीच सगळं गोळा केलं. ऐका.

खूप वर्षं झाली. समुद्राकाठच्या आमच्या माडखाडीत ढग गडगडले की चर्चची घंटा वाजवायची रीत होती. घंटेला घाबरून वीज गावाबाहेर पळते, असं म्हणत. दोर ओढायचा मान बस्त्यावच्या घराण्याचा. त्याचा बाप ओला दोर हातात असतानाच विजेनं गेला. तरी पुढच्या गडगडाटाला बस्त्याव दोराशी हजर.

अशात फादर जुजे आले. सकाळी चर्चमध्ये मिस्सा-प्रार्थना, दुपारी शाळेत भौतिकशास्त्र. झग्याच्या एका खिशात जपमाळ, दुसऱ्यात लोहचुंबक. ते वर्गात टाळी वाजवत तेव्हा ठिणगी पडायची, असं म्हणतात.

फादर म्हणाले, "बस्त्याव, वीज उंच जागा शोधते. तू तिला पळवत नाहीस, तिच्या वाटेत उभा राहतोस."

"मी दोर सोडला नि कुणी दगावलं, तर गाव मला धरेल, फादर."

"मला धरू दे. मी भौतिकशास्त्र शिकवतो, शिव्यांची सवय आहे."

त्यांनी घरोघर तांबं मागितलं. "आता विजेलाही बाप्तिस्मा देणार वाटतं!" म्हणत नातालबायनं पहिली घागर दिली. घागरी वितळवून लांब पट्टी केली. ती मनोऱ्याच्या टोकापासून खाली आणून, खोल खड्ड्यात मीठ-कोळशात पुरली नि वर पाणी ओतलं. "ओल्या, खारट मातीत वीज चटकन मुरते," फादर म्हणाले.

वैशाखात एकदा भर दुपारी अंधारलं. सगळा गाव चर्चमध्ये. "घंटा, बस्त्याव, घंटा!" लोक ओरडले. बस्त्याव दोराकडे धावला, आणि पांढरा लोळ मनोऱ्यावर उतरला. समुद्र क्षणभर थबकला, खड्ड्यातलं पाणी तीन दिवस उकळत होतं, असं म्हणतात. माणूस मात्र एकही गेला नाही.

तेव्हापासून आभाळ भरलं की घंटेला कुणी हात लावत नाही. आणि वैशाखात फादरांच्या नावानं घरटी एक कळशी पाणी आणि मूठभर मीठ त्या खड्ड्यात पडतं. खड्डा ओला का ठेवायचा, हे घरच्या पोराला सांगता आलं नाही, तर कळशी परत!

यंदा तिथंच मी बस्त्यावच्या नव्वदीतल्या लेकीला गाठलं. "फादरांनी वीज खरंच मुठीत धरली होती?"

"वीज खड्ड्यात गेली, ते खरं," ती मीठ सोडत म्हणाली. "मुठीत माझ्या बापाचं मनगट होतं. पाच बोटांचे वळ आठवडाभर दिसत होते."