यादीच्या गळ्यातली चिठ्ठी

बरीच वर्षं झाली या गोष्टीला. एका गावच्या दवाखान्यातल्या संगणकात रक्तदात्यांची यादी राहायची. तिच्या गळ्यात एक चिठ्ठी होती. यादी कोणाची, ती कोणी नुसती वाचायची, तिच्यात कोणी लिहायचं, ती शेवटची कधी उघडली आणि कधी बदलली, एवढंच त्या चिठ्ठीवर असे.

“लिहायचा हक्क एकट्या हेमलताबाईंना! फार कंजूष आहेस बाई तू,” यादी कुरकुरायची.

“त्यांनी ठरवलं तेच मी सांगते,” चिठ्ठी म्हणायची.

हेमलताबाई तिथल्या नर्स. लोकांचे फोन नंबर सारखे बदलायचे, म्हणून भाचीच्या लग्नाला जाताना त्यांनी सगळ्यांनाच लिहायची मुभा दिली. यादी खूश झाली. पण गावात मानपान मोठा. जो तो येऊन आपलं नाव वर सरकवू लागला. नावं सरकली, रक्तगट मात्र जागच्या जागी राहिले.

परतल्यावर हेमलताबाईंची नजर आधी चिठ्ठीवर गेली. “काल सकाळी बदल झालाय? काल तर मी मांडवात होते. कोणी काय बदललं, बघू तरी,” म्हणत त्यांनी यादी उघडली, तर नावांपुढे भलतेच रक्तगट! त्यांनी जपून ठेवलेली जुनी प्रत काढून यादी पूर्ववत केली आणि लिहायचा हक्क पुन्हा स्वतःकडे घेतला.

त्याच दुपारी एका बाळंतिणीला रक्त लागलं. यादीतून योग्य माणूस लगेच सापडला.

यादीला भरून आलं. “तू होतीस म्हणून गं,” ती म्हणाली.

चिठ्ठीवर आभार लिहायला जागाच नव्हती. तिने नेहमीसारखी फक्त वेळ टिपून ठेवली.