बावीस दसऱ्यांचं कुंकू

वेळूगडच्या अप्पासाहेब महाराजांनी शंभर पावलांवरच्या रानडुकरावर गोळी झाडली आणि ती हातभर डावीकडे, बाभळीला टांगलेल्या तांब्यातून आरपार गेली. डुक्कर पळालं नाही. पळण्याचं काही कारण त्याला दिसलं नाही. पळाले ते राजपुरोहित शंभूभट, तेही झुडपाआडून. तांब्या त्यांचाच होता. ते तिथे कशाला बसले होते हे विचारू नये.

"ही सातवी गोळी," महाराज म्हणाले.

दरबारी मंडळींपैकी कोणीही महाराजांच्या हाताकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी बंदुकीकडे पाहिलं. थोरल्या महाराजांनी विलायतेहून आणवलेली, खिट्टी मागेपुढे सारून गोळी भरायची जुनी रायफल. थोरल्या महाराजांचा नेम कधी चुकत नसे, असं त्यांच्या हयातीत सगळेच सांगत.

संस्थानाची शस्त्रं सांभाळणाऱ्या येसू लोहाराला बोलावणं गेलं.

"शुक्रवारी शिकारीला पाहुणे येतायत," महाराज म्हणाले. "तोवर बंदूक सरळ मारायला लागली पाहिजे. पण वडिलांची वस्तू आहे. एक स्क्रू सैल करायचा नाही. लाकडाला रंधा लावायचा नाही, लोखंडाला कानस लावायची नाही."

"मग करू काय, सरकार?"

"ते तुझं काम. शंभर पावलांवरचा नारळ फुटला नाही, तर भाता उचलायचा आणि वेळूगडची हद्द ओलांडायची."

ज्याच्या चार पिढ्या शस्त्रागारामागच्या घरात गेल्या तो येसू बंदूक घेऊन घरी आला आणि भात्यापाशी मटकन बसला. त्याची लेक हौसा भाता ओढत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आबा, आधी झाडून तर बघू."

"काय बघायचंय? डावीकडे जाते."

"किती डावीकडे? दर वेळी तेवढीच?"

येसूने बंदूक पुन्हा खांद्यावर घेतली. मग दोघं माळावर गेली. हौसाने शंभर पावलं मोजून फळी उभी केली, तिच्यावर कोळशाने गोल काढला. बंदूक वाळूच्या पोत्यांवर घट्ट बसवली, म्हणजे हात हलला ही तक्रार उरायला नको. येसूने तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं गोलापासून हातभर डावीकडे, पण भाकरीखाली झाकली जातील इतकी जवळ.

येसूने कपाळाला हात लावला. हौसा मात्र खूश झाली.

"तीनदा एकाच जागी चुकते म्हणजे ती चुकत नाही, आबा. तिला कोणीतरी ढकलतंय."

घरी येऊन तिने जुन्या पंचांगाचं एक पान फाडलं आणि नळी आणि खालचं लाकूड यांच्यामधल्या फटीत सारलं. डाव्या बाजूने पान सरळ आत गेलं. उजव्या बाजूने चार बोटं जाऊन अडलं. बाहेर काढलं तेव्हा त्याची कड लालभडक झाली होती.

"हे काय गं?"

"दसरा," हौसा म्हणाली.

शुक्रवारी सकाळी माळावर महाराज, पाहुणे आणि दरबारी जमले. हौसाने सर्वांदेखत बंदूक पाटावर ठेवली. शेजारी ताम्हण, कोमट तेलाची वाटी आणि जुन्या लुगड्याची एक मऊ पट्टी.

"बंदूक सरळ करायला निघालीस की बाळंतिणीला न्हाऊ घालायला?" महाराजांनी विचारलं.

"तेल दोघींनाही लागतं, महाराज."

तिने पट्टी तेलात भिजवून फटीत ओवली आणि दोन्ही टोकं धरून ताक घुसळावं तशी मागेपुढे ओढू लागली. ताम्हणात लाल ढेकळं पडू लागली. कुंकू, हळद, तूप, समईची काजळी, सगळं लाखेसारखं घट्ट झालेलं. गादीवर बसल्यापासून दर दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी महाराज बंदुकीच्या उजवीकडे उभे राहून अंगठाभर कुंकू नळीला लावत, आणि महाराजांच्या हातचं कुंकू पुसायची हिंमत कोणाची? ते फटीत उतरत गेलं. असे बावीस दसरे झाले होते.

शंभूभट पुढे धावले. "थांब! पूजेचं कुंकू आहे ते. खरवडतेस काय?"

"खरवडत नाही, काका. निर्माल्य उतरवतेय. देवीच्या अंगावरचं तुम्ही रोज सकाळी उतरवता. बंदुकीवरचं बावीस वर्षं राहिलं, ते कोणाच्या कामात बसतं?"

शंभूभट हात जोडून बाजूला झाले. त्यांना हे क्वचितच जमत असे.

मग हौसाने पंचांगाचं पान पुन्हा सारलं. नळीच्या दोन्ही बाजूंनी ते सरसर गेलं. स्क्रू जागच्या जागी होते. लाकडाचा कण की लोखंडाचा कीस, ताम्हणात काही नव्हतं. तिने बंदूक वाळूच्या पोत्यांवर ठेवली. येसूने डोळे मिटले.

महाराजांनी खिट्टी सारली, नेम धरला. बार झाला. येसूने डोळे उघडले तेव्हा शंभर पावलांवर फक्त करवंटी होती. महाराजांनी लगेच दुसरा नारळ ठेवायला लावला. तोही फुटला. तिसरा पाहुण्यांनी मागितला. महाराजांनी दिला नाही.

"आता एकच सांग, पोरी," महाराज म्हणाले. "इतकी वर्षं चूक कोणाची होती? बंदुकीची म्हणालीस तर माझ्या वडिलांचा अपमान. हाताची म्हणालीस तर माझा. पूजेची म्हणालीस तर शंभूभट उपास धरतील. उत्तर चुकलं तर भाता तयारच आहे."

हौसाने क्षणभर बंदुकीकडे पाहिलं.

"चूक कोणाचीच नाही, महाराज. बंदूक बावीस वर्षं तुमच्या दरबारात राहिली. तुमचा अंगठा उजवीकडून दाबतो, म्हणून ती डावीकडे झुकली. इथे सगळे तेच करतात. फरक इतकाच, की बाकी कोणाला नारळ फोडून दाखवावा लागत नाही."

हसावं की रागवावं हे ठरवण्यासाठी सगळ्यांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज पोट धरून हसले. मग दरबार हसला, ज्या क्रमाने उभा होता त्या क्रमाने.

शस्त्रागारामागचं घर येसूच्या आणि त्याच्यामागे हौसाच्या नावे कायमचं झालं. हौसाला चांदीचं कडं मिळालं, शंभूभटांना नवा तांब्या.

पुढच्या दसऱ्याला महाराज कुंकवाचा अंगठा घेऊन बंदुकीपाशी थबकले आणि त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या हौसाकडे पाहिलं.

"कुठे लावू गं?"

"मागे, खांद्याला टेकतो त्या दस्त्याला लावा, महाराज. तिथे कितीही भक्ती चालते."