महाकाळ रागावला का?

"पण मग लोकांना कळणार कसं, की आत मी आहे?"

चुस्कितनं विचारलं तेव्हा आनी-ले तिच्या डोक्याला फडकं गुंडाळत होत्या. मठाच्या रक्षक देवाचा, महाकाळाचा, लाकडी मुखवटा जड. फडकं नसलं तर कपाळ सोलून निघतं.

"कशाला कळायला हवं?" म्हाताऱ्या भिक्षुणीनं विचारलं.

"आबा-ले आलेत. माझे वडील. गच्चीवर बसलेले पाहिले मी. बायका मुखवटा घालून नाचल्या तर महाकाळ कोपेल, असं भर गावात म्हणाले होते. तीन वर्षं झाली, बोलले नाही मी त्यांच्याशी."

"आणि आज?"

"आज त्यांच्यासमोर मुखवटा वर करणार."

"बरं."

"बरं काय? रीत मोडेन मी. मुखवटा चढला की आतल्याचं तोंड दिसायचं नाही, नाव घ्यायचं नाही. अडवत का नाही?"

"मान सरळ ठेव. फडकं सुटतंय."

बाहेर लांब कर्णे घुमले. लडाखमधल्या त्या मठात भिक्षुणी पहिल्यांदाच हा नाच करत होत्या. बर्फ झाडून काढलेल्या अंगणात चुस्कित उतरली आणि एका पायावर गरगरली. बाह्या वाऱ्यानं फुगल्या. ढोल थेट बरगड्यांत वाजत होता. गच्च्यांवरून आरोळ्या उठल्या. छाती आनंदानं फुटेल असं तिला वाटलं.

नाच संपला. लोक महाकाळापुढं वाकायला रांगेनं आले.

मुखवट्याचे डोळे नुसते रंगवलेले. बघायचं ते त्याच्या उघड्या तोंडातून. तिथून तिला एक ओळखीची लोकरी टोपी दिसली.

तिचे हात हनुवटीखालच्या दोरीकडं गेले.

"तू कोपशील असं मीच सांगत फिरलो," आबा-ले मुखवट्याकडं बघत पुटपुटले. "आज नाच बघितला आणि... मला काही समजेना. आता तूच सांग. रागावलास का?"

आणि ते वाकून उभे राहिले. वाट बघत.

मागची रांग खोळंबली.

...

चुस्कितचे हात खाली आले. महाकाळाची मान डावीकडून उजवीकडं हलली. एकदाच.

आबा-लेंनी शेजारच्याला कोपर मारलं. "बघितलंस? नाही म्हणाला."

चुस्कित धापा टाकत आत आली. आनी-लेंनी मुखवटा उतरवून घेतला.

"खोटं बोलले मी. महाकाळाच्या नावावर."

"म्हणजे तो रागावलाय?"

"तो कशाला रागावेल? इतका सुंदर झाला नाच." तिचा आवाज चढला. "मी रागावलेय. अजून."

आनी-ले मुखवट्याच्या आतला घाम पुसत राहिल्या.

...

"महाकाळाचं उत्तर देऊन झालं," त्या म्हणाल्या. "आता जा, तुझं दे."